भर उन्हातली डागडुजी

दिवाणखान्यात दोन वर्षं सुखाने वाढलेला मनीप्लांट एप्रिलमध्ये कुणीतरी हौसेने गच्चीत नेऊन ठेवतं. ‘बिचाऱ्याला जरा ऊन मिळू दे.’ चार दिवसांत पानांवर पांढुरके चट्टे. मग दोष पाण्याला, खताला आणि शेवटी शेजारच्यांच्या नजरेला! उन्हावर संशय कुणी घेत नाही. ऊन म्हणजे झाडाचं जेवण, हे शाळेपासून पाठ झालेलं असतं ना.

पण पानाला ऊन फुकट पचत नाही. हरितलवकात पाण्याचे रेणू फोडणारी फोटोसिस्टीम-२ नावाची यंत्रणा असते आणि तिच्या गाभ्यात डी-१ हे प्रथिन. प्रकाशाचा मार सर्वाधिक बसतो तो यालाच. कडक उन्हात ते तासाभरातही निकामी होतं. सावलीतही मोडतंच, फक्त सावकाश.

एका सुट्या भागापायी वीसेक प्रथिनांचं अख्खं यंत्र भंगारात काढणं झाडाला परवडणारं नाही. हरितलवकातली पटलं भाकऱ्यांच्या चवडीसारखी रचलेली असतात. बिघडलेलं यंत्र अर्धवट सुटं होऊन चवडीतून कडेच्या मोकळ्या पटलांकडे सरकतं. तिथे एफटीएसएच हे विकर मोडकं डी-१ ओढून काढतं आणि त्याचे तुकडे करतं. रिकाम्या जागी ताजं डी-१ तयार होता होताच बसवलं जातं. उरते मँगनीजची जुळणी, आणि गंमत म्हणजे तिलाही प्रकाशच लागतो. प्रयोगशाळेतल्या लाडक्या अरॅबिडॉप्सिस रोपट्यात या विकराचं एक जनुक बिघडलं, तर पानं हिरवी-पांढरी कबरी होतात.



चर्चा मात्र कायम इजेचीच होते. जपानच्या नोरिओ मुराता आणि योशिताका निशियामा यांनी निळ्या-हिरव्या शेवाळावर काम करून वेगळंच दाखवलं. क्षार किंवा थंडीमुळे मोडतोड वाढते असं नाही. नवं डी-१ बनवण्याचं काम अडतं. म्हणजे पीक उन्हाने हरतं त्याहून जास्त दुरुस्ती रखडल्याने. संशोधनाचा पैसा इथे लागायला हवा. 2020मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी भाताच्या पेशीकेंद्रात डी-१च्या जनुकाची जादा प्रत बसवली आणि उष्णतेने चालू होणारं बटण तिला जोडलं. एरवी हे जनुक हरितलवकातच असतं. त्या भाताचं उत्पन्न शेतातल्या चाचण्यांतही वाढलं. एका चाचणीवरून वाण बाजारात येत नाही, हे खरं; पण वाट योग्य आहे.

तोवर मनीप्लांटपुरतं सांगायचं तर त्याला एकदम गच्चीत नेऊ नका. आधी आठवडाभर सकाळचं कोवळं ऊन दाखवा, नर्सरीवालेही रोपांना अशीच हळूहळू उन्हाची सवय लावतात. आणि जे चट्टे पडले ते पडले. पांढरी झालेली जागा पुन्हा हिरवी होत नाही.