विश्लेषण : राकेश शर्मांना परत आणणारी कॅप्सूल पाथरीला येऊ शकते का?

१५ जुलै २०२५, मंगळवार. भारतीय वेळेनुसार दुपारी तीनच्या सुमारास शुभांशू शुक्ला यांना घेऊन आलेली ‘ग्रेस’ ही ड्रॅगन कॅप्सूल कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरली. पाथरीत ती शाळेची वेळ. ज्यांच्या हातात मोबाइल होता त्यांनी थेट प्रक्षेपण पाहिले, बाकीच्यांनी संध्याकाळी रील्स. चार मीटर व्यासाचे यान सहा इंचांच्या पडद्यावर पेरूएवढे दिसले. अंतराळातून माणूस परत आणणारी वस्तू खरी कशी असते, हे कळायला तेवढे पुरेसे आहे का?

पुरेसे नाही. आणि गंमत म्हणजे, भारतीय अंतराळवीराला घेऊन परतलेली एक खरी कॅप्सूल आपल्याच देशात आहे. दिल्लीत, तीन मूर्ती भवनाच्या आवारातल्या नेहरू तारांगणात. परभणीहून सचखंड एक्स्प्रेस थेट नवी दिल्लीला जाते. तरीही पाथरी, मानवत, सोनपेठच्या शाळकरी मुलासाठी ती अमेरिकेइतकीच लांब आहे, कारण दिल्लीची सहल परवडणारी घरे मोजकीच.

दिल्लीत नेमकी कोणती कॅप्सूल आहे?

इथे इंटरनेटवर हमखास गोंधळ होतो. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी ‘सोयुझ टी-११’ मधून गेले. दिल्लीत आहे ती ‘सोयुझ टी-१०’. अनेक ठिकाणी ‘या यानातून शर्मा अंतराळात गेले’ असे लिहिलेले सापडते. ते चूक आहे. या यानातून ते ११ एप्रिल १९८४ रोजी परत आले, कझाकस्तानच्या माळरानावर.

गेले एकातून, आले दुसऱ्यातून, असे का? सोयुझ यान कक्षेत ठरावीक दिवसच भरवशाचे राहते. ‘सॅल्युत-७’ या अवकाशस्थानकावर तीन सोव्हिएत अंतराळवीर फेब्रुवारीपासून मुक्कामाला होते आणि त्यांना ऑक्टोबरपर्यंत थांबायचे होते. त्यांचे जुने यान पाहुण्यांनी परत न्यायचे आणि नवे यान त्यांच्यासाठी ठेवायचे, अशी ही पद्धत. शर्मा, युरी मालिशेव आणि गेनादी स्त्रेकालोव हे तिघे त्यामुळे टी-१० मध्ये बसून उतरले. एसटीच्या भाषेत सांगायचे तर गाडी बदलली, आरक्षण तेच राहिले.

प्रत्यक्ष पाहून काय कळते?

पहिली गोष्ट म्हणजे आकार. सोयुझच्या परतीच्या भागाचा व्यास सुमारे २.२ मीटर. त्यात तीन प्रौढ माणसे, गुडघे छातीकडे ओढून, प्रत्येकाच्या शरीराच्या मापाने घडवलेल्या आसनात पडलेली. आतली मोकळी जागा जेमतेम चार घनमीटर. वडाप जीपच्या मागच्या बाकावर बसून परभणी गाठणाऱ्याला ही दाटी समजावून सांगावी लागत नाही. फोटोत मात्र ती कळत नाही, कारण फोटोग्राफर आतले चित्र रुंद लेन्सने घेतो आणि खोली दिसते.

दुसरी गोष्ट जळण्याची. कक्षेतले यान सेकंदाला साधारण ७.८ किलोमीटर वेगाने जात असते. म्हणजे पाथरी ते परभणी पाच-सहा सेकंदांत. या वेगाने वातावरणात शिरताना समोरची हवा बाजूला सरकायलाच वेळ मिळत नाही. ती दाबली जाते आणि प्रचंड तापते. पाठ्यपुस्तकात याला बहुतेक वेळा ‘घर्षण’ म्हणून मोकळे होतात, पण मोठा वाटा या दाबाचा असतो. ही उष्णता रोखण्यासाठी उष्णताकवच मुद्दाम जळणारे बनवतात. त्याचा थर कोळसा होऊन झिजतो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. अपोलोच्या कवचात मधाच्या पोळ्यासारख्या साडेतीन लाखांहून अधिक खणांत हा पदार्थ कामगारांनी एकेक करून, हाताने भरला होता. सोयुझचे तळाचे कवच जमिनीवर येण्याआधीच गळून पडते. त्यामागे लपलेली छोटी इंजिने जमीन मीटरभरही उरलेली नसताना पेटतात आणि आदळण्याचा जोर कमी करतात.

एखाद्या संग्रहालयातली कॅप्सूल खरी की प्रतिकृती, हे ओळखायची खूणही हीच. गुळगुळीत, एकसारखा रंग दिसला तर शंका घ्यावी. परतलेल्या यानावर करपलेले पट्टे असतात, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त भाजलेली असते. प्रतिकृती ठेवण्यात गैर काही नाही. पाटीवर ‘प्रतिकृती’ असे ठळक लिहिण्यात काही संग्रहालयांना कमीपणा का वाटतो, हे कोडेच आहे.

आणि मग माणसांच्या खुणा. चंद्रावरून परतलेल्या अपोलो-११ च्या ‘कोलंबिया’ यानाचे २०१६ मध्ये आतून त्रिमितीय स्कॅनिंग झाले. तेव्हा अंतराळवीरांनी भिंतींवर पेनाने केलेली आकडेमोड आणि एका कप्प्यावर हाताने आखलेले कॅलेंडर लोकांसमोर आले. गेलेला प्रत्येक दिवस त्यावर खोडलेला आहे.

इतकी मौल्यवान वस्तू गावोगाव नेता येते?

नेता येते, आणि नेली गेली आहे. जॉन ग्लेन यांची ‘फ्रेंडशिप-७’ १९६२ मध्ये उड्डाणानंतर काही महिन्यांतच जगाच्या दौऱ्यावर निघाली. यानाने अंतराळात तीन प्रदक्षिणा केल्या होत्या, म्हणून लोक दौऱ्याला ‘चौथी प्रदक्षिणा’ म्हणू लागले. ‘कोलंबिया’ही १९७०-७१ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांच्या राजधान्यांत फिरली. ब्रिटनचे टिम पीक ज्या सोयुझमधून परतले ती लंडनच्या सायन्स म्युझियमने विकत घेतली आणि २०१७ पासून देशभर फिरवली. पीटरबरोमध्ये तर ती चक्क चर्चमध्ये, कॅथेड्रलच्या खांबांमध्ये, पॅराशूटसह मांडली होती.

पाथरीसाठी सर्वांत जवळचे उदाहरण मात्र हचिन्सनचे. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातले हे गव्हाच्या पट्ट्यातले गाव, लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे पाथरीपेक्षा फार मोठे नाही. १९६२ मध्ये तिथे एक छोटे तारांगण सुरू झाले, तेही कृषी जत्रेच्या मैदानावरच्या कोंबड्यांच्या इमारतीत. त्याच संस्थेत, आजच्या ‘कॉस्मोस्फिअर’मध्ये, अपोलो-१३ ची ‘ओडिसी’ आहे. तिचे कवच पॅरिसच्या संग्रहालयात पडले होते आणि आतले भाग ठिकठिकाणी विखुरले होते. ते सगळे या गावातल्या लोकांनी गोळा करून परत जोडले. १९६१ मध्ये समुद्रात बुडालेली आणि १९९९ मध्ये जवळपास पाच किलोमीटर खोलीवरून वर काढलेली ‘लिबर्टी बेल-७’ देखील तिथेच आहे.

मराठवाड्यात हे शोभते का?

हा प्रश्न येणारच. शाळेचे पत्रे गळतात, उन्हाळ्यात टँकर लागतो, आणि अंतराळयान कशाला? आक्षेप खोटा नाही. पण पत्र्यांचा पैसा इकडे वळवा असे कुणी म्हणत नाही. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या फिरत्या प्रदर्शनाच्या बसगाड्या १९६५ पासून खेड्यांतल्या शाळांपर्यंत जातात. छत्रपती संभाजीनगरात एमजीएमचे अंतराळ विज्ञान केंद्र आहे. पुणे जिल्हा परिषदेने तर परीक्षा घेऊन आपल्या शाळांतले विद्यार्थी थेट नासा पाहायला पाठवले. ते कौतुकाचेच, पण निवडलेली मुले विमानाने जातात आणि उरलेला वर्ग त्यांचे फोटो पाहतो. वस्तूच गावात आली तर सगळा वर्ग रांगेत उभा राहतो.

टी-१० एकच आहे आणि चाळीस वर्षे जुनी आहे. तिला हलवण्यापूर्वी जतनतज्ज्ञांचा शब्द शेवटचा मानावा लागेल. कदाचित ते नकार देतील. खरी संधी पुढची आहे. ‘गगनयान’च्या तयारीत इस्रोने १८ डिसेंबर २०१४ रोजी ‘केअर’ ही माणसाविना कुपी वातावरणातून परत आणली. अंदमानजवळच्या समुद्रातून तटरक्षक दलाने ती उचलली. २१ ऑक्टोबर २०२३ च्या चाचणीतली, साध्या बांधणीची कुपी नौदलाने बाहेर काढली. माणूस पाठवण्याआधी मानवरहित उड्डाणेही व्हायची आहेत. या प्रत्येक चाचणीतून कुपी परत येते, आणि अभ्यास संपल्यावर ती कुठेतरी ठेवावीच लागते.

‘केअर’चा व्यास ३.१ मीटर, वजन पावणेचार टनांच्या आत. जायकवाडीच्या कालव्यावरचा ऊस कारखान्याला नेणाऱ्या भरलेल्या ट्रॉल्या याहून जड असतात. पवनचक्कीची लांबलचक पाती घेऊन जाणारे ट्रेलर बीड-धाराशिवच्या रस्त्यांवर वळणे घेतात, तिथे ही कुपी अडणार नाही. अडते ते कागदावर. चाचणी संपलेल्या कुप्यांपैकी एक कायमची फिरती ठेवायची आणि तिचा मार्ग तालुक्यांतून आखायचा, हा निर्णय इस्रो आणि विज्ञान संग्रहालय परिषदेने ‘गगनयान’ उडण्याआधीच घ्यायला हवा. नंतर प्रत्येक महानगर आपापली मागणी पुढे करील.

तोवर दिवाळीच्या सुट्टीत दिल्लीला निघालेल्या सहलींनी लाल किल्ला आणि कुतुबमिनारच्या यादीत तीन मूर्ती जोडावे. तारांगण कधी उघडे असते ते निघण्याआधी विचारून घ्यावे. तिथे शर्मांचा अंतराळपोशाखही आहे. मुले आधी त्याच्यासमोर सेल्फी काढतील, काढू द्यावी. मग त्यांना कॅप्सूलभोवती एक पूर्ण फेरी मारायला लावावी आणि विचारावे, कोणती बाजू जास्त भाजली आहे?