नवी प्रणाली, जुनी अक्षरे

गोंदियासारख्या गावात डीटीपीच्या दुकानातला संगणक म्हणजे गावाची दप्तरपेटीच. लग्नपत्रिका, झाडीपट्टीतल्या नाटकांची पत्रके, पतसंस्थांचे अहवाल, झाडीबोलीतले छोटे कवितासंग्रह. सारे तिथे साठलेले.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नेहमीचा आधार काढून घेतला. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. म्हणजे धडधाकट यंत्रही केवळ अटीत बसत नाही म्हणून बाद! नवे जू मानेला बसत नाही म्हणून कोणी चांगला बैल बाजार दाखवतो का?

यंत्राचा खर्च एकवेळ सोसू. मला काळजी अक्षरांची आहे. कृतिदेव फाँटमध्ये आपल्याला ‘क’ दिसतो, संगणकाच्या लेखी मात्र तो इंग्रजी ‘डी’ असतो. नव्या यंत्रावर तो फाँट नसला, की वधूवरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण छपाईवाल्यांच्या लाडक्या पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत उमगला नाही, म्हणून दुकाने जुन्या फाँटलाच चिकटून राहिली. मजकूर बदलून देणारी साधने आहेत, पण त्यांत रफार आणि ऱ्हस्व वेलांटी घसरते. पानन् पान डोळ्यांखालून घालावे लागते, आणि त्या कष्टाचे पैसे ग्राहक देत नाही.

माझ्या मते जुने यंत्र इंटरनेटपासून तोडून चालू ठेवावे आणि त्यातले कवितासंग्रह आधी युनिकोडमध्ये उतरवून घ्यावेत. पत्रिकांचे नंतर पाहता येईल.