लाटांचा धडा नाल्यापासून सुरू करू या



सूरजागडच्या मुलांना सागरी लाटा शिकवायच्या म्हणजे पंचाईतच. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. फळ्यावर आकृती काढायची, मुलांनी ती उतरवून घ्यायची, झालं! पण पावसाळ्यात याच मुलांच्या वाटेवर नाले भरून येतात. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण कितीतरी पावसाळ्यांत पाहिलंय. म्हणून मला वाटतं, धडा नाल्यापासूनच सुरू करावा.

लाटांवर फळी घेऊन खेळणारा आधी किनाऱ्यावर थांबतो, लाट कुठे फुटते ते पाहतो. तळ उथळ झाला की लाट फुटते. समुद्रात लाट पुढे सरकते, पाणी बरंचसं जागच्या जागी वर-खाली होतं. नाल्यात उलटं! उसळी एकाच जागी दिसते, पाणी मात्र धावत असतं. त्या उसळीखाली बहुधा दगड असतो. आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. म्हणूनच गुडघाभर पाणीसुद्धा माणसाला ओढून नेतं.

पूर ओसरल्यावर हे काठावरून दाखवा. मोठ्यांनी पान टाकावं, ते दहा मीटर जायला किती सेकंद लागतात ते मुलांनी मोजावं. विज्ञान झालं, गणितही झालं.

पालकांनी एकच सांगावं: पुलावरून पाणी वाहत असेल तर परत फिर, शाळा बुडाली तरी चालेल. आणि गुरुजी-बाईंनो, त्या दिवशीच्या गैरहजेरीवरून मुलाला बोलू नका. तो धडा शिकलाय.