तिकिटावर न छापलेले तास

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणाऱ्या विमानाच्या तिकिटावर ‘रात्री १ ला प्रस्थान, सकाळी ७ ला आगमन’ आणि तारीखही तीच, असे दिसू शकते. म्हणजे सहाच तास! प्रत्यक्षात अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आणि उड्डाण पंधरा-सोळा तासांचे. दोन्हीकडच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असल्याने हा चमत्कार घडतो. घड्याळ फसते, शरीर मात्र फसत नाही.

मुलाकडे किंवा लेकीच्या बाळंतपणाला निघालेले आई-वडील निघण्याच्या आदल्या दिवशी आमच्या बाह्यरुग्ण विभागात ‘प्रवासास योग्य’ असा दाखला मागायला येतात. तिकीट काढून झालेले असते, बॅगा भरलेल्या असतात. अशा वेळी डॉक्टरचे काम केवळ सही-शिक्क्याचे उरते. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आधी तपासणी, मग तिकीट.

कारण प्रवास विमानतळावर सुरू होत नाही. कोल्हापूर-सोलापूरहून मुंबई गाठण्याचे सात-आठ तास, विमानतळावरचे तीन तास, उतरल्यावरच्या रांगा हे सगळे धरले, तर सत्तरीतला माणूस २८ तासांच्या आसपास अंथरुणाला पाठ टेकत नाही.

त्यात विमानातली हवा. केबिनमधला दाब समुद्रसपाटीसारखा नसतो. तो २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका कमी असू शकतो. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचे. निरोगी माणसाला हे जाणवत नाही. पण दम्याचा जुना विकार, तीव्र रक्तक्षय किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याला जाणवू शकते.

दुसरा प्रश्न पायांचा. चार तासांहून लांबच्या प्रवासात, मग तो विमानाचा असो वा बसचा, शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासातून दिसले. तरीही निरोगी प्रवाशांत हे प्रमाण सहा हजारांत एक इतकेच होते. घाबरायचे कारण नाही. पण पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय निघू नये. बाकीच्यांनी पाणी प्यावे, घोटे हलवावेत, अधूनमधून उठून चालावे. स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून पाणी टाळणे आणि झोपेची गोळी घेऊन तासन् तास एकाच स्थितीत राहणे, दोन्ही चुकीचे.

मधुमेहींसाठी पश्चिमेकडे जाताना दिवस दहाएक तासांनी लांबतो. इन्सुलिनची वेळ आणि मात्रा आधीच ठरवून कागदावर लिहून घ्यावी. औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत. सामानकक्षात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते.

तिकडे पोहोचल्यावर शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण तासाभराने सरकते. परतताना वाऱ्याची साथ मिळून उड्डाण थोडे लवकर संपते, पण पूर्वेकडच्या प्रवासानंतर झोप सावरायला बहुतेकांना अधिक दिवस लागतात.

म्हणून परदेशातल्या मुलामुलींना सांगणे एवढेच: तिकीट शोधताना भाड्याच्या रकान्याशेजारी आई-बाबांच्या आजारांचा रकानाही मांडा. कुणाला थेट विमान बरे, कुणाला वाटेत एक मुक्काम. हा निर्णय निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांसमोर बसून घ्या.