लिनक्स शिकायला पैसे कशाला?

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा शुद्धलेखनाकडे जरा कानाडोळा करा! पण विषय आपल्या हॉस्टेलच्या खिशाचा आहे, म्हणून तो मराठीतच मांडावासा वाटला.

सेकंड इयर संपत आलं की विंगमध्ये एकच चर्चा सुरू होते, "लिनक्सचा क्लास लावलास का?" प्लेसमेंटच्या धास्तीने घरी फोन जातो, बाबा कुठून तरी सोय करतात आणि मेसच्या चार-पाच महिन्यांच्या बिलाएवढी फी भरली जाते. मुलींची अडचण आणखी वेगळी. क्लास संध्याकाळी शहरात आणि आमच्या गेटवर साडेआठची हजेरी. म्हणजे पैसे असले तरी जाता येत नाही ते नाहीच! माझं स्पष्ट मत आहे की पहिला महिनाभर तरी कोणीही लिनक्ससाठी एक रुपया फी भरू नये.

मुळात ही वस्तूच वाटून घ्यायची आहे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्सचा कर्नल लिहिला, तेव्हा तो २१ वर्षांचा होता, म्हणजे आपल्यापेक्षा फार तर एक-दोन वर्षांनी मोठा. पुढच्याच वर्षी त्याने तो जीपीएल या लायसन्सखाली आणला. वापरा, उघडून बघा, बदला, मित्राला कॉपी द्या, सगळं कायदेशीर. हॉस्टेलमध्ये उजळ माथ्याने करता येणारी कॉपी ती हीच! आणि फुकट म्हणजे हलकं असं समजू नका. जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटर्सची यादी निघते, तिच्यातले सगळेच्या सगळे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. तुमच्या खिशातल्या ॲण्ड्रॉइड फोनचा कर्नलही तोच.

आता शिकायचं कसं? लॅपटॉप असेल तर ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि त्यावर लिनक्स मिंट टाका. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं की इन्स्टॉल न करताच सगळं वापरून बघता येतं, हार्डडिस्कला धक्का लागत नाही. एकीने फाईल उतरवली की अख्ख्या विंगला पुरते. विंडोज सोडवत नसेल तर त्यातच डब्ल्यूएसएल चालू करा. आणि लॅपटॉपच नसेल तर? ॲण्ड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं फुकट ॲप टाका. त्यात खरीखुरी शेल मिळते, पायथन आणि सी कम्पायलरसुद्धा टाकता येतात. किल्ल्या छोट्या आहेत, बोटं दुखतात, पण काम होतं.

अभ्यासक्रमही फुकट आहे. विल्यम शॉट्स यांचं 'द लिनक्स कमांड लाइन' हे पुस्तक लेखकाने स्वतःच पीडीएफमध्ये मोफत ठेवलंय. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे छोटे छोटे धडे आहेत, आणि ते मराठीतूनही ऐकता येतात. हे मुद्दाम सांगते, कारण मराठी माध्यमातून आलेल्या मैत्रिणी म्हणतात, "तुझं बरंय बाई, तुझं इंग्लिश चांगलं." अगं, पण ग्रेप आणि सीएचमॉड आम्हाला कुठल्या सिस्टरने शिकवले होते? ब्लॅक स्क्रीनसमोर आपण सगळ्या सारख्याच अडाणी! आणि हॉस्टेलचं वायफाय रुसलं तरी बिघडत नाही, मॅन असं टाइप करून पुढे कमांडचं नाव लिहिलं की माहिती मशीनमध्येच हजर.

पहिल्या आठवड्यात फाइल्स आणि फोल्डर्स, दुसऱ्यात परमिशन्स आणि पाइप, तिसऱ्यात छोटी शेल स्क्रिप्ट, चौथ्यात रूममेटच्या मशीनवर एसएसएचने लॉगिन (तिला विचारून!). पण नुसतं वाचू नका, एखादं खरं काम काढा. प्रॅक्टिकलच्या पन्नास-साठ फोटोंची नावं एका स्क्रिप्टने बदलून बघा. जे कळतं ते क्लासच्या नोट्स पाठ करून कळत नाही.

क्लासवाल्यांवर माझा राग नाही. शंका विचारायला माणूस लागतो आणि रोज बसायला शिस्त लागते, हे मला मान्य आहे. रेड हॅटचं सर्टिफिकेट हवंच असेल तर परीक्षेला पैसे लागतातच. पण ती आरएचसीएसए परीक्षासुद्धा मशीनवर काम करून दाखवण्याची असते. तिथे फीची पावती उपयोगाची नाही, हात बसलेला लागतो. आणि शिस्तीचं म्हणाल तर दर शनिवारी रात्री जेवणानंतर मेसमध्ये पाचजणी एकत्र बसलो तरी पुरे.

शेवटी आपल्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. लॅबमधले कितीतरी जुने पीसी विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत, म्हणजे आज ना उद्या ते डेड स्टॉकमध्ये जाणार. पण लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी रॅमवर व्यवस्थित चालते. त्यातले पाच पीसी भंगारात न देता दोन्ही हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये ठेवा. इन्स्टॉल आम्ही करू, बिघडले तर पुन्हा आम्हीच करू. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांना मशीन मिळेल, आणि साडेआठच्या हजेरीनंतरही शिकता येईल.

मग घरी फोन करून फी मागण्याआधी एवढा एक महिना देणार ना?