पिळणें आणि वाळवणें

गेल्या श्रावणांत आमच्या माळ्यावरील एक कौल सरकलें आणि आजोबांनीं बोरूनें लिहिलेली अमरकोशाची वही चिंब भिजली. आम्हीं घाईघाईनें तिचीं चार पानें सोडवून शेगडीच्या धगीवर धरलीं. पानें ओलीं तीं ओलींच राहिलीं, कडा मात्र करपल्या! इतक्यांत धाकट्या सूनबाईंनीं वही आमच्या हातून काढून घेतली, पानापानांत जुनीं वर्तमानपत्रें घातलीं, वर पोळपाट व त्यावर पाटा ठेवला. घटकाभरानें पानें अशीं निघालीं कीं, पुढें पंख्याचा वाराच पुरला. वर त्या म्हणाल्या, "मामंजी, लुगडें न पिळतां कोणी दांडीवर टाकतें का?"

ही हकीकत आम्हीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास सांगितली. तो विदर्भांतील एका कागदाच्या कारखान्यांत अभियंता आहे. तो हंसून म्हणाला, "गुरुजी, आमच्या कोळशाचें सारें गणित यांत आलें." मग त्यानें तें मांडून दाखविलें.

यंत्राच्या जाळीवर येणाऱ्या लगद्यांत शंभरांतले सुमारें नव्याण्णव भाग पाणीच असतें. म्हणजे तंतू १ किलो, तर पाणी ९९ किलो. पैकीं सुमारें ९५ किलो जाळीवरच निथळून व शोषलें जाऊन निघतें. पुढें रुळांच्या जोडींतून, जाड बनातीसारख्या पट्ट्यावर कागद दाबला जातो, तेव्हां आणखी अडीच किलो जातें. उरलें दीड किलो. हें मात्र वाफेनें तापविलेल्या पोकळ लोखंडी पिंपांवरून कागद फिरवून वाळवावें लागतें, आणि यंत्राची बहुतेक उष्णता या दीड किलोपायींच खर्चीं पडते. कारण १ ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास ७० कॅलरी पुरतात. त्याची वाफ करण्यास आणखी ५४० लागतात.

आतां पाहा. दाबणींतून निघालेल्या कागदांत तंतू शेंकडा ४० असेल, तर किलोमागें पाणी दीड किलो. तोच ५० झाला, तर एकच किलो. वाळवणीचें काम एक-तृतीयांशानें घटलें! ४० चे ४१ केले तरी वाफ शेंकडा ४ च्या आसपास वांचते.

मग अधिक जोरानें कां दाबूं नये? दोन वाटोळे रूळ एकमेकांस टेकतात ते अरुंद पट्टीपुरतेच. कागद तींतून क्षणार्धांत निसटतो, आणि जोर फार झाला तर ओला कागद चिरडतो. १९८० नंतर प्रचारांत आलेल्या 'शू प्रेस'मध्यें एका रुळाच्या जागीं खोलगट तळवा असतो. त्यामुळें दाबाची पट्टी कित्येक पट रुंद होते. कागद दाबाखालीं अधिक वेळ राहतो. सूनबाईंनीं पाटा घटकाभर ठेवला तो याचसाठीं. अर्थात् ज्या कागदास फुगीरपणा हवा, त्यास अति दाबणें मानवत नाहीं.

विद्यार्थ्याच्या कारखान्यास असलें यंत्र परवडणारें नाहीं. तेव्हां त्यानें लहान कामें हातीं घेतलीं. पिंपांच्या आंत वाफेचें पाणी सांचून त्याचा थर उष्णतेच्या आड येत असे. तें काढून, गरम असतांनाच बाष्पकाकडे परत धाडण्याची सोय केली. गळक्या झडपा बदलल्या. एवढ्यासाठींही त्यास वर्षभर भांडावें लागलें! मालक टनांचा हिशेब रोज विचारीत, वाफेचा कधींच नाहीं. आमच्या मतें खरी गळती ही.

२००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यान्वयें सरकारनें मोठ्या कारखान्यांस ऊर्जाबचतीचीं उद्दिष्टें घालून दिलीं. २०१२ ते २०१५ या पहिल्या फेरींत कागदाचे ३१ कारखाने होते. वर्षाचा ऊर्जाखर्च ठराविक मर्यादेखालीं असलेले लहान कारखाने मात्र तींतून सुटले, आणि आमचा विद्यार्थी तशाच एका ठिकाणीं आहे.

वही आतां ठीक आहे. वनौषधिवर्गांतील कांहीं ओळींचे शेवट तेवढे आमच्या शेगडीनें खाल्ले. ते पाठावरून भरून काढण्याचें काम चालू आहे.