शटरला मधलं कुलूपही हवं

गाडीच्या खोलीला शटर बसवलं, दोन्ही टोकांना कुलपं लावली, की आपण निर्धास्त होतो. चोर मात्र टोकांना हातही लावत नाही. तो मधोमध कटावणी किंवा गाडीचाच जॅक घालून पत्रा उचकटतो. माणूस सरकेल एवढी फट पडते आणि कुलपं जागच्या जागी लटकत राहतात! म्हणून आमचं आग्रहाचं सांगणं मधल्या कुलपाचं. सेंटर लॉक बसवून घ्या. खालचे कोयंडे काँक्रीटमध्ये पक्के रोवलेले हवेत, नुसत्या स्क्रूवर नकोत.

त्याहून मोठी काळजी आतल्या दाराची. गाडीच्या खोलीतून घरात उघडणारं हे दार पुष्कळ ठिकाणी साध्या कडीवर असतं. एकदा आत शिरल्यावर चोराला शटरचाच आडोसा मिळतो, रस्त्यावरून काही दिसत नाही. त्यात पहार, शिडी आपणच तिथे ठेवलेली! या दाराला मुख्य दाराइतकंच भक्कम कुलूप लावा. ईदला गावी निघताना गाडी आधी बाहेर काढा, शटर बंद करा, मग आतल्या दाराला घरातून अडसर घालून पुढच्या दारानं बाहेर पडा.